तोरणमाळच्या रस्त्याचे तीन तास: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली नऊ वर्षं रोड सायकल चालवते. या वर्षी १ फेब्रुवारीला, रविवारी, आम्ही काही जणांनी मिळून शहादा ते तोरणमाळ अशी हौशी सायकलपटूंची अजिंक्यपद स्पर्धा ठरवली होती. ठरवली होती तशी ती झाली नाही. का झाली नाही ते सांगते आणि पुढच्या वर्षी ती नीट व्हावी म्हणून आपल्याकडे काय मागायचं आहे तेही सांगते. पैसा मागायचा नाही. रस्ता मागायचा आहे, एका रविवारी सकाळी, तीन तास.

आमच्याकडे ८६ जणांनी नावं नोंदवली होती. त्यांत दोन लाइनमन होते, एसटीचे एक वाहक, एक तलाठी, पपईचे व्यापारी, भुसावळचे रेल्वे कर्मचारी, धुळ्या-जळगावचे डॉक्टर आणि कॉलेजची मुलं. पहाटे चारला उठायचं, कामावर जाण्याआधी दोन तास सायकल मारायची, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तर उजाडायच्या आत घरी परतायचं, असं यांचं वर्षभर चालतं. कुणाला पगार नाही, कुणामागे संघ नाही. टायर-ट्यूबपासून हेल्मेटपर्यंत सगळं पदरचं. अशा माणसाला वर्षातून एकदा छातीवर नंबर लावून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायला मिळालं, तर त्या एका सकाळीसाठी तो बाकीचे ३६४ दिवस घाम गाळतो. हे मी स्वतःवरून सांगते. पहिल्यांदा दुसऱ्या जिल्ह्यात एका स्पर्धेत उतरले तेव्हा माझं वय ३८ होतं. रस्ता बंद होता. समोरून काही येणार नाही या खात्रीनं मी आयुष्यात पहिल्यांदा एक वळण घेतलं. रोज जीव मुठीत धरून सायकल चालवणाऱ्याला ती खात्री म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं अवघड आहे.

तोरणमाळचा रस्ता आपण गाडीतून पाहिला असेल. सायकलवरून तो वेगळा दिसतो. शहाद्याहून निघालं की म्हसावदपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी आणि पपई. रस्ता सपाट, वारा बोचरा. इथं रायडर घोळक्यानं जातात, एकाच्या मागे एक चाक लावून, कारण पुढच्याच्या आडोशाला मागच्याची जवळजवळ पाव ते तृतीयांश ताकद वाचते. पुढचा दमला की मागचा पुढे येतो. राणीपूर मागे पडलं की सातपुडा अंगावर येतो आणि सातपायरीच्या घाटात घोळका आपोआप फुटतो. तिथं आडोशाचा उपयोग नसतो. ज्याच्या पायात आणि फुप्फुसात जे असेल तेवढंच. फेब्रुवारीत सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली असतात, चाकाखाली चुरचुरतात. एका वळणावर थांबून खाली पाहिलं तर आपण चढून आलेला रस्ता एकाखाली एक पडलेल्या दोरीसारखा दिसतो. शहाद्यापासून वरपर्यंत साधारण हजार मीटरची चढाई होते, पन्नासेक किलोमीटरमध्ये. वर यशवंत तलावाचं पाणी दिसलं की माणूस सायकल आडवी टाकून काठावर बसतो आणि बराच वेळ बोलत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आमच्या घाटालाही असा राजा मिळावा, राणीही मिळावी, एवढी साधी इच्छा होती.

अर्ज आम्ही ऑक्टोबरमध्ये दिला. सोबत मार्गाचा नकाशा, प्रत्येक फाट्यावरच्या स्वयंसेवकांची यादी, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांची संमतिपत्रं जोडली. एका कार्यालयानं सांगितलं, आधी दुसऱ्याचं ना-हरकत आणा. दुसरं म्हणालं, तिसऱ्याचा अभिप्राय आल्याशिवाय आम्हाला देता येत नाही. तिसऱ्याकडे फाइल होती, पण सायकल स्पर्धेला परवानगी द्यायची ती कुठल्या नमुन्यात, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. माणसं वाईट नव्हती. एका लिपिकानं तर स्वतःच्या वेळेत बसून जुन्या फायली चाळल्या. नमुनाच सापडला नाही. शाळा सुटल्यावर मी अकरा वेळा चकरा मारल्या. स्पर्धा रविवारी आणि पत्र हातात पडलं शुक्रवारी दुपारी चारला. त्यात एक अट होती: ‘वाहतुकीस कोणताही अडथळा न होता स्पर्धा घेण्यात यावी.’

महोदय, कुस्तीला परवानगी द्यायची आणि आखाड्यातून रहदारी चालू ठेवायची, तसं हे झालं.

रात्री आम्ही सगळे बसलो. एकत्र सुरुवात करायची म्हणजे साठ-सत्तर सायकली एकमेकींना चिकटून ताशी चाळीसच्या वेगानं जाणार, आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या येणार. ते आम्ही करणार नव्हतो. म्हणून शर्यतीची टाइम ट्रायल केली. एकेका मिनिटानं एकेक जण सोडायचा, ज्याची-त्याची लढत घड्याळाशी. आणि साध्या सायकलींचा गट रद्द केला. या गटाबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. राज्यातल्या १२५ तालुक्यांत ही योजना आहे आणि सरकारनं केलेल्या चांगल्या कामांत मी तिला फार वर ठेवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलीमुळे टिकली. जगात रोड रेसच्या सायकलीला कमीत कमी ६.८ किलो वजनाची मर्यादा आहे, म्हणजे त्याहून हलकी चालत नाही. आमच्या मुलींची सायकल अठरा-वीस किलोची, वर कॅरिअर, त्यावर दप्तर, कधी मागे धाकटा भाऊ. ती घेऊन त्या रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर करतात. एवढा सराव महागडी सायकल घेणाऱ्या कित्येकांचा नसतो. म्हणून या मुलींसाठी सपाटीवरची वीस किलोमीटरची वेगळी शर्यत ठेवली होती, प्रवेश फी माफ. अकरा मुली तयार झाल्या. दोन महिने शाळा भरायच्या आधी त्यांनी सराव केला. ब्रेकचे रबर बदलले, सीटची उंची नीट केली. पाय पूर्ण खाली गेला पाहिजे, गुडघा दुखणार नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. वळणावर कुठलं पेडल वर ठेवायचं तेही त्या शिकल्या.

शनिवारी सकाळी मला त्यांना सांगावं लागलं की तुमची शर्यत होणार नाही. चालू रहदारीत मुलींना सोडायची माझी हिंमत झाली नाही आणि तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. एकीनं विचारलं, “मॅडम, मग मोठ्यांची कशी होणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी रविवारी पहाटे, कडाक्याच्या थंडीत, अकराच्या अकरा आल्या. नंबर लावून आल्या. दिवसभर त्यांनी पाणी दिलं, केळी सोलून रायडरच्या हातात दिली.

आता घाटातलं. सकाळी साडेनऊच्या सुमारास, घाटातल्या एका आंधळ्या वळणावर, वरून प्रवासी जीप उतरली. वळण घेताना ती थोडी आमच्या बाजूला आली, जशी त्या घाटात रोजच प्रत्येक गाडी येते. आमचा एक लाइनमन मित्र शेवटचा जोर लावून चढत होता. त्यानं सायकल बाहेर काढली, चाक नालीत गेलं, तो खांद्यावर पडला. हासळीचं हाड मोडलं. घाटात मोबाइलला रेंज नसते. स्वयंसेवकाला निरोप द्यायला पुढच्या वळणापर्यंत धावत जावं लागलं. रुग्णवाहिका पायथ्याशी होती, कारण वर थांबवायची परवानगी कुणी द्यायची हाही प्रश्न सुटलेला नव्हता. शेवटी त्याच जीपवाल्यानं प्रवासी उतरवले आणि आमच्या मित्राला खाली दवाखान्यात नेलं. तो सारखा म्हणत होता, मला कुणी सांगितलंच नव्हतं. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. चूक त्याची नव्हती, पडणाऱ्याचीही नव्हती.

याच घाटात दोन आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला, महाशिवरात्र होती. गोरखनाथांच्या दर्शनाला तोरणमाळला माणसांची रीघ लागते. यात्रेला एसटी जादा गाड्या सोडते, पोलीस वळणावर उभे राहतात, आरोग्य पथकं असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथंही प्रशासन गर्दी सांभाळतं. आणि जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली, प्रोलॉग म्हणजे सुरुवातीची छोटी शर्यत आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटर. तिच्यासाठी रस्ते नव्यानं केले गेले, वाहतूक वळवली गेली. आम्ही शहाद्यात मोबाइलवर ती पाहत होतो आणि अभिमान वाटत होता. पण त्या स्पर्धेत उद्या महाराष्ट्राचा मुलगा किंवा मुलगी उतरवायची असेल, तर त्यांना आधी कुठंतरी गावाकडच्या छोट्या शर्यतीत घोळक्यात सायकल चालवायला शिकावं लागेल. ते घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारायच्या यंत्रावर बसून येत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पूर्ण केली. तेही पोटापाण्यानं डॉक्टरच. हौशी माणसात केवढी ताकद असते हे आपल्या भागानं पाहिलेलं आहे.

कायदा आड येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार रस्त्यावरच्या वाहनांवर तात्पुरती बंदी घालता येते आणि ती एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. आम्हाला हवे आहेत तीन तास. कमी आहे तो एक लेखी आदेश. हौशी सायकल स्पर्धेसाठी एकच अर्ज असावा, तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यावा, बाकीच्या सगळ्या विभागांचे अभिप्राय त्यांनीच मागवावेत, आणि होय किंवा नाही, जे असेल ते स्पर्धेच्या किमान ४५ दिवस आधी कळावं. नाही आलं तरी चालेल, आम्ही मार्ग बदलू. शुक्रवारी दुपारी चारला आलेलं ‘होय’ मात्र आमच्या कामाचं नाही.

आणि पोलीस हवेत. स्वयंसेवकाच्या हातात शिट्टी असते, अधिकार नसतो. त्यानं हात दाखवून ट्रॅक्टर थांबला तर ती ट्रॅक्टरवाल्याची मेहेरबानी. शिवाय घाटात फोन चालत नाही तिथं बिनतारी संच चालतो, आणि तो पोलिसांकडे असतो. वरच्या टोकाला एक, मध्ये एक, खाली एक, एवढे तीन संच असते तर त्या दिवशी जीप वरच थांबली असती. १०८ ची एक गाडी घाटाच्या मध्यावर उभी राहावी, हीही विनंती आहे.

तोरणमाळच्या लोकांचा हा एकच मुख्य रस्ता, तो बंद कसा करायचा, असं आपल्याला कुणी सांगेल. रास्त प्रश्न आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दवाखान्याची गाडी, बाळंतीण, आजारी माणूस यांच्यासाठी शर्यत थांबलीच पाहिजे, तसा नियम आम्ही स्वतः लिहिला आहे. बाकी रस्ताही सरसकट बंद नको. पुढची पोलीस गाडी येईल तसा बंद होत जावा, शेवटची गाडी गेली की मागे उघडत जावा. जो रायडर ठरलेल्या वेळेत ठरलेल्या फाट्यावर पोहोचणार नाही त्याला शेवटच्या गाडीत बसवायचं. आणि गावागावांत आठवडाभर आधी दवंडी द्यायची, मराठीत, अहिराणीत, वरच्या पाड्यांवर पावरीत, की रविवारी सात ते दहा सायकली आहेत. सरावाला जाताना शेतावरची माणसं हाक मारतात, “कथा चालनात भाऊ?”, म्हणजे कुठं चाललात. तोरणमाळ म्हटलं की पाणी देतात. या लोकांना आधी सांगितलं तर ते तीन तास नक्की देतील. त्यांना न विचारता घेतले तर रागावतील, आणि तो राग योग्य असेल.

आमची पुढची स्पर्धा ७ फेब्रुवारी २०२७ ला, रविवारी ठरली आहे. अर्ज ३ जूनला, जागतिक सायकल दिनी देणार आहोत, म्हणजे आठ महिने हातात राहतील. अकरा मुलींपैकी तिघी दहावीला जातील, तरी सगळ्यांनी पुन्हा नावं दिली आहेत. त्यांना त्याच नंबरवर धावायचं आहे, म्हणून ते नंबर आम्ही कुणाला देणार नाही. लाइनमन मित्राचा खांदा आता वर जातो. त्यानं पहिलं नाव नोंदवलं आणि सकाळी सातला सुरुवात असेल तर सहालाच यायचं का, असं विचारलं.

त्याला मी सांगितलं आहे, पत्र आलं की कळवते.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका व हौशी सायकलपटू,
शहादा, जि. नंदुरबार