शिबिरांच्या तारखा वाटून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात शहरातल्या सेवाभावी क्लबांच्या बातम्या नेहमी येतात. पदग्रहण झालं, वह्यावाटप झालं, रक्तदान शिबिरात इतक्या बाटल्या जमल्या. फोटोत ठरलेली रांग, मधल्या माणसाच्या हातात शाल-श्रीफळ. मी स्वतः काही वर्षं अशाच एका क्लबात राबतो आणि त्यातल्या दोन-तीन फोटोंत कडेला अर्धामुर्धा दिसतोही. तेव्हा हे गाऱ्हाणं घरचंच समजा.

आमच्या सोलापुरात रक्तदानाचा हंगाम असतो, ज्वारीसारखा. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ मध्ये त्याच दिवशी येरवड्यात फाशी झाली, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद जयंती. शेजारी गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची धामधूम. मग २६ जानेवारी, मग १९ फेब्रुवारीची शिवजयंती. चौकाचौकात मांडव. शेवटची मोठी लाट १४ एप्रिलची. त्यानंतर कॉलेजांना सुट्ट्या लागतात, लग्नसराई असते, डोक्यावर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. रस्ते दुपारी ओस आणि रक्तपेढ्याही तशाच.

रक्त साठवून ठेवता येत नाही का, असं लोक विचारतात. येतं, पण किती? तांबड्या पेशी ३५ दिवस, पिशवीत पोषक द्रावण असेल तर ४२. म्हणजे शिवजयंतीला दिलेलं रक्त फार तर २ एप्रिलपर्यंत. प्लेटलेट्सचं आयुष्य अवघं ५ दिवसांचं. १४ एप्रिलच्या प्लेटलेट्स १९ तारखेनंतर फेकूनच द्याव्या लागतात. आणि एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला ३ महिने, बाईला ४ महिने पुन्हा देता येत नाही. एकाच पंधरवड्यात सगळ्या गावाने बाही वर केली की पुढचे तीन महिने सगळं गाव एकदमच बाद.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अशा मुलांना ते मोफत मिळतं, बदली रक्तदाताही आणायला सांगत नाहीत. पण पेढीत असलं तर ना! दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीवरच्या मुलाने मान हलवली, ‘बी पॉझिटिव्ह नाही हो काका, उद्या बघा.’ बहीण बाहेर बाकावर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. पोरीचे ओठ पांढरेफटक, पायरी चढताना दोनदा थांबली होती. मी पाच जणांना फोन लावले. तिघांनी शिवजयंतीला दिलेलं, तीन महिने भरायला आठवडा बाकी. दोघे गावाला. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक यंत्रमागवाला पाळी संपवून आला आणि काम झालं. गंमत म्हणजे त्याच फेब्रुवारीत पेढीतल्या एकाने आमच्या क्लबाला सांगितलं होतं, ‘जरा दमानं घ्या, फ्रीज भरलाय.’

तेव्हापासून मी क्लबाच्या बैठकीत एकच तुणतुणं वाजवतो, की तारीख बदला. गेल्या वर्षी कसंबसं ऐकलं. प्रजासत्ताकदिनाचं शिबिर उचलून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नेलं, तेही पूर्वभागात, विडी कामगारांच्या वस्तीजवळ, सकाळी सात ते दहा. एका ज्येष्ठ सदस्यांचा पहिला प्रश्न : ‘पाहुणे कोण येणार एवढ्या सकाळी?’ कुणीच आलं नाही. दीपप्रज्वलन वाचलं.

संख्या नेहमीच्या निम्मी झाली, हे कबूल करतो. पण तिथे जे पाहिलं ते सभागृहातल्या शिबिरात कधी दिसलं नव्हतं. टेबलावर निळ्या द्रावणाचा ग्लास असतो. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर, चालतं. तरंगला तर परत. त्या दिवशी बायकांचे थेंब एकामागून एक तरंगत राहिले. चाळिशीची एक बाई तर चिडलीच. आधी तेलुगूत, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत, ‘रक्त कमी कसं? रोज हजार विड्या वळते की मी!’ ग्लासाकडे बघतच उभी राहिली, जणू थेंब अजून बुडेल. तेलुगू बोलणारा आमचा एक पोरगा होता म्हणून बरं. त्याने तिला बसवून चहा दिला, नाव लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासारख्या बायकांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ही आमच्या क्लबाची गेल्या वर्षातली सगळ्यात चांगली कामगिरी, असं माझं मत. बातमी अर्थातच आली नाही, कारण आम्ही पाठवलीच नव्हती.

आता भेटवस्तूंबद्दल. कुठे हेल्मेट, कुठे जार, आपल्याकडे हमखास टॉवेल किंवा चादर. आपल्या गावचा माल आहे, प्रेमाने देतात, मान्य. पण पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे, त्यामागचं कारण वस्तूंनाही थोडंफार लागू होतंच. चादरीसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस गेल्या महिन्यातली कावीळ सांगेलच असं नाही. एका शिबिरात चादरी संपल्याचं कळल्यावर रांग कशी विरळ झाली ते मी बघितलंय. चहा-बिस्किट आणि पाणी भरपूर द्या, पुरे झालं.

क्लबांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ते कसं जमलं? सरकारी यंत्रणा, अंगणवाडीताई आणि क्लबांचे स्वयंसेवक ठरलेल्या रविवारी बूथवर बसले. जी पोरं आली नाहीत त्यांच्या दारात दुसऱ्या दिवसापासून गेले, बोटावरची शाई तपासत. तारीख डोस चुकू नये म्हणून ठरत होती, कुणाच्या वाढदिवसाला धरून नव्हे.

तसंच इथे करता येईल. शहरातल्या सगळ्या क्लबांनी, मंडळांनी आणि रक्तपेढ्यांनी डिसेंबरात एकदा एकत्र बसावं आणि वर्षाचे रविवार वाटून घ्यावेत. जयंतीची शिबिरं बंद करा असं कोण म्हणेल? त्या दिवशी निम्म्यांनी रक्त द्यावं, बाकीच्यांची नावं-नंबर घेऊन त्यांना मे-जूनमध्ये बोलवावं. मंडळांकडे पोरांची कमी नाही, वर्गणीच्या वेळी घर न् घर पालथं घालतात. एक वही घालून फोन करणं त्यांना जड नाही.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं. झालेल्या शिबिराचा फोटो आतल्या पानावर गेला तरी चालेल. पण दर सोमवारी एक छोटी चौकट द्या : येत्या रविवारी शिबिर कुठे, किती वाजता, आणि कोणत्या गटाचं रक्त पेढ्यांत कमी आहे. मजकूर गोळा करून शनिवारी दुपारपर्यंत आपल्या कार्यालयात आणून देण्याचं काम मी करायला तयार आहे. सायकलवर येतो, उशीर होणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
पूर्वभाग, सोलापूर