धावणाऱ्याचा खर्च देणगीतून नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की आपल्याकडे दोन हंगाम एकदमच सुरू होतात, उसाचा आणि मॅरेथॉनचा. दुसऱ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत भरपूर येतात. टी-शर्ट, पदकं, हात वर केलेले फोटो. त्यातल्या कितीतरी धावा 'अमुक कार्याच्या मदतीसाठी' असतात. पण मदत किती जमली आणि त्यातली किती त्या कार्यापर्यंत पोहोचली, हे बातमीत क्वचितच सापडतं. या भानगडीत यंदा मी स्वतःही पडलो आहे, म्हणून जरा हक्कानं लिहितो.

साखर कारखान्यांचं गाळप बंद होईपर्यंत दर रविवारी रंकाळ्यापासून जोतिबापर्यंत धावायचं, असं ठरवलं आहे. वय पन्नाशीपलीकडचं, वेग सांगण्यासारखा नाही. रंकाळा टॉवर, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली आणि मग डोंगर, असे सतरा-अठरा किलोमीटर होतात. केर्लीपर्यंत कुणीही ऐटीत येईल. खरा कस पुढच्या चढावर लागतो. ओळखीपाळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे दोन, पाच, दहा रुपये कबूल केलेत. येताना मी एसटीनं येतो, कारण उतारावर गुडघे कुरकुरतात. त्यावर "म्हणजे उतरणीचे पैसे वाचले की आमचे!" असा हिशेब एका मित्रानं लगेच लावला.

पैसे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आहेत. या रस्त्यावर अंधारातच ट्रॅक्टर सुटतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, टेप मात्र ठणठणीत. (म्हणून मी उजव्या कडेनं, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून धावतो. इतरांनीही तसंच धावावं.) कडेच्या रानात मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या असतात. एका रविवारी आई-बाप फडात गेलेले आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन चूल फुंकत बसलेली दिसली. अंगात निळा पिनो होता, त्यावर गावाकडच्या शाळेचा बिल्ला तसाच लावलेला. बीड, अहिल्यानगरकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन आलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, फाल्गुनाच्या आसपास परत जातो, तोवर शाळेचं निम्मं वर्ष गेलेलं असतं. मुलांना गावीच ठेवायला हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे, पण धाकट्याला सांभाळायला जी लागते तिला आई-बाप मागे कशी ठेवतील? राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्याच मुलखातलं हे चित्र आहे. एक नोंदणीकृत संस्था मजुरांच्या तळावरच वर्ग भरवते, आणि वर्गाशेजारी धाकट्यांसाठी पाळणाघर चालवते, म्हणजे थोरलीला पाटी धरायला हात मोकळे राहतात. शिक्षिकेचं मानधन आणि पाळणाघराचा खर्च, एवढंच उभं करायचं आहे. संस्थेचं नाव इथं देत नाही. हे पत्र जाहिरात होऊ नये.

आमच्या चहाच्या गाडीवाल्यानं सरळ विचारलं, "पैसं देतो की ओ, पळतासा कशापायी?" प्रश्न रास्त आहे. नुसते पैसे मागितले असते तर त्यानं एकदा शंभराची नोट दिली असती आणि विषय संपला असता. आता दर सोमवारी तो "काल वरपर्यंत गेलासा का?" विचारतो, आणि त्या पोरांचं काय चाललंय तेही विचारतो.

खेळातून पैसा उभा करणं कोल्हापूरला नवं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले आणि कुस्त्या मारून मिळालेल्या पैशातून त्यांनी गुरुजींचं घर सोडवलं. आपण ही गोष्ट पदकासाठी सांगतो. मला त्यातला पैशाचा चोख व्यवहार जास्त भावतो.

तो चोखपणा आजच्या धावांत कमी दिसतो. माझे बूट, एसटीचं तिकीट, वाटेतली केळी, सगळं माझ्या खिशातून. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ती दुसऱ्याच्या देणगीतून का भागवायची? टी-शर्ट आणि फ्लेक्स वजा जाता उरेल ते मुलांना, याला मी देणगी म्हणत नाही. दुसरं, पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. माझ्या मोबाइलचा क्यूआर कोड मी कुणापुढे धरत नाही. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पेठेतली गणेश मंडळं ती घेतात. धावणारे ग्रुप मात्र व्हॉट्सॲपवर स्वतःचा नंबर टाकून मोकळे होतात. देणाऱ्यांनीही पावती मागायला लाजू नये. दोन हजारांवर रोख दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात सवलत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर मुळातच नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

आपल्या बातमीदारांना एवढीच विनंती, की अशा धावेची बातमी देताना पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि आयोजनाचा खर्च कुणी केला, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर तसं छापावं. माझ्यापुरतं सांगायचं तर गाळप संपताच जमेचा आकडा आणि संस्थेची पावती आपल्याकडे पाठवीन.

येत्या रविवारी कुणाला यायचं असल्यास पहाटे साडेपाचला रंकाळा टॉवरपाशी यावं. वडणगे फाट्यापर्यंत आलात तरी चालेल. पाण्याची बाटली आपापली आणावी.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर