काकांच्या बायोप्सीचा ब्लॉक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकांच्या यकृताच्या बायोप्सीत ‘मेटास्टॅटिक अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ आलंय, म्हणजे हा पसरलेला कर्करोग आहे आणि गाठ बहुधा दुसऱ्या अवयवातून आलेली आहे. कुठून, ते आयएचसीने (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटिबॉडीने पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी) शोधतात. त्यासाठी सहसा पुन्हा सुई टोचत नाहीत, आधीचाच तुकडा वापरतात. बाबा, लॅबमधून मेणाचा ब्लॉक (त्यात तो तुकडा बसवलेला असतो), त्याचे काप लावलेल्या काचा आणि मूळ रिपोर्ट घ्या आणि तिन्हींवरचा नंबर ताडून पाहा. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

ब्लॉकचे ३-४ मायक्रॉनचे काप काढतात. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमुळे प्रथिनं जखडलेली असतात, म्हणून काप बफर द्रावणात ९५-९८ अंशांवर २०-४० मिनिटं तापवतात. मग अँटिबॉडी घालतात. ती ज्या प्रथिनाला चिकटते, तिथे तपकिरी रंग उमटतो.

सुरुवात सीके७ आणि सीके२० या मार्करने (अवयव ओळखायला मदत करणाऱ्या प्रथिनांनी) होते. फक्त सीके२० आलं तर मोठ्या आतड्याचा संशय, मग सीडीएक्स२ आणि एसएटीबी२ हे मार्कर बघतात. फक्त सीके७ आलं तर फुप्फुसासाठी टीटीएफ१ आणि नॅप्सिन. दोन्ही नसतील तर प्रोस्टेटसाठी एनकेएक्स३.१. पण एकाच मार्करवर कुणी निदान सांगितलं तर लगेच मानू नका. टीटीएफ१ थायरॉइडच्या गाठीतही येतो, आणि तो पेशीच्या केंद्रकातच दिसायला हवा. यकृताच्या पेशींत तो केंद्रकाबाहेर उमटून फसवतो. स्वादुपिंड आणि पित्तनलिका यांच्यासाठी तर खात्रीचा मार्करच नाही, तिथे सीटी आणि स्कोपीचाच (दुर्बिणीच्या तपासणीचाच) आधार.

मला खरी काळजी आहे ती बायोप्सीच्या तुकड्याची. सुईचा तुकडा दोऱ्याएवढा. ब्लॉक पुन्हापुन्हा यंत्रावर चढवला की दर वेळी पृष्ठभाग सपाट करताना थोडा तुकडा वाया जातो. म्हणून जादा कोरे काप एकाच वेळी काढून ठेवायला सांगा. पंधरा मार्कर एकदम लावून ब्लॉक संपला, तर पुढे ईजीएफआर किंवा आरएएस ही जनुकं तपासायला काहीच उरणार नाही, आणि औषध त्यावरच ठरतं.

तुकडा फॉर्मेलिनमध्ये किती तास होता, तेही विचारा. सहा तासांपेक्षा कमी असेल तर असलेलं प्रथिनही दिसेनासं होऊ शकतं.

आई, तू काकूंकडून जुने कागद मागून घे: आधीची ऑपरेशनं, सीटी, पीएसए आणि सीईए या रक्ततपासण्या. हे सगळं आयएचसीच्या फॉर्मवर लिहायचं. ‘यकृत, बायोप्सी’ एवढंच लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टला अंदाजाने मार्कर निवडावे लागतात, आणि तुकडा त्यातच खर्ची पडतो. फॉर्म भरलात की फोटो पाठवा, मी बघून देते.

तुमची,
मनू