नीलचा तक्ता

वेलिंग्टन, न्यूझीलंड, रविवार

प्रिय सुलू,

दिवाळीआधी तुझं पत्र आलं आणि संक्रांत उलटली तरी माझा पत्ता नाही. रागावली असशील, रागाव. इकडे सगळे बरे. माझी पाठ आहे तशीच, अजितची शुगर आटोक्यात. झालं प्रकृतीपुराण.

लिहायला बसले ती नीलसाठी. अजितला सांगून झालं, त्याने "पोरगं आहे गं" म्हणून विषय मिटवला. आईला सांगायची सोय नाही. उरलीस तू.

आम्ही घरामागच्या रानात सापळे लावतो हे तुला फोनवर बोलले होते. टेकडीपलीकडे झीलँडिया आहे, २२५ हेक्टरचं रान, पाखरं खाणारे प्राणी आत येऊ नयेत म्हणून भोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण. कुंपण १९९९ मध्ये पुरं झालं आणि २००२ मध्ये तिथे काका सोडले. काका म्हणजे इथला मोठा रानपोपट, गोंगाटाच्या बाबतीत आपल्या काकांना भारी. वेलिंग्टनमधून पार नाहीसे झाले होते, आता सकाळी आमच्या कठड्यावर येऊन बसतात. पण पाखराला कुंपण काय अडवणार? आतून बाहेर आलं की त्याची जबाबदारी आमच्यावर.

गेल्या महिन्यात या पोपटाचं एक पिल्लू मागच्या नेच्यांमध्ये होतं. ही पिल्लं धड उडता येण्याआधीच ढोलीतून खाली उतरतात आणि काही दिवस जमिनीवरच वावरतात. सुलू, हात पुढे केला असता तर चोचीला लागला असता. ते ना पळालं, ना ओरडलं. मान आत घेऊन, डोळा माझ्यावर रोखून नुसतं थिजून राहिलं. या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. शत्रू यायचा तो आकाशातून, नजरेने हेरणारा, तेव्हा न हलणं हाच बचाव. उंदीर आणि स्टोट (लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी) येतात ते वासावर. त्यांच्यापुढे गप्प बसून काय होणार?

आणि त्याच आठवड्यात वरच्या पायवाटेवरच्या पेटीत स्टोट सापडला. लाकडी पेटी असते, आत पोलादी स्प्रिंगचा सापळा आणि मागे जाळीआड कोंबडीचं अंडं. जीव लगेच जातो, तेवढं बघूनच हे सापळे पसंत केलेले असतात. स्टोट मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पाणमांजराच्या कुळातला, पण वितीपेक्षा थोडा मोठा. पाठ विटकरी, पोट सायीच्या रंगाचं, शेपटीचं टोक काळंभोर. मिशांवर अजून दव होतं. मादी होती. यांच्या माद्या डोळेही उघडलेले नसताना, बिळातच नराकडून फळतात आणि तो गर्भ वसंतापर्यंत पोटात निजून राहतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मादी गाभणी. एकटी पोहत एखाद्या बेटावर पोचली तरी वर्षभरात तिथे कुटुंब उभं राहतं.

मी हा विचार करत उभी, आणि नीलने उडी मारून आरोळी ठोकली. सिक्सर मारल्यासारखी! घरी येऊन फ्रिजवर तक्ता चिकटवला: उंदीर किती, हेजहॉग (पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी) किती, पॉसम (झाडावर राहणारा, पिल्लू पिशवीत वाढवणारा प्राणी) किती, आणि स्टोटच्या रकान्यात लाल पेनाने एक. मित्राला दाखवायला फोटोही काढून ठेवला.

मी तक्ता काढला. तो रडला. म्हणाला, "मग मारतेस कशाला? मारायचं पण आनंद करायचा नाही, असं कसं?"

सांग ना, असं कसं? तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मारणं चूक आहे असं मला मुळीच वाटत नाही. जिथे सापळे नाहीत तिथे किवी पक्ष्याच्या शंभरातली पंचाण्णव पिल्लं मोठी होण्याआधीच जातात. किलोभर वजन झालं की किवी स्टोटला लाथेने पळवतो, तोवरच सांभाळायचं असतं. कारोरीच्या पलीकडच्या डोंगरात २०२२ मध्ये किवी परत सोडले ते सापळ्यांच्या रांगा आधी लागल्या म्हणूनच. पण त्या स्टोटचा काय गुन्हा? शिकारीला आणि खायला म्हणून ससे आणले, ते मेंढ्यांचं गवत फस्त करायला लागले, मग १८८० च्या दशकात सशांवर उतारा म्हणून स्टोट आणि त्याचेच भाऊबंद फेरेट, वीझल जहाजातून आणले. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाही नको नको म्हणत होते. नीलला मी रिचर्ड हेन्रीची गोष्ट सांगितली. १८९४ पासून हा माणूस होडीतून शेकडो काकापो (इथला आणखी एक मोठा पोपट) आणि किवी रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडत होता, आणि १९०० मध्ये त्याच बेटावर स्टोट दिसला. सगळी मेहनत पाण्यात. काकापोला तर उडताही येत नाही. २०२२ च्या मोजणीत सगळे मिळून २५२ होते. नील म्हणाला, "बघ, म्हणजे स्टोट वाईटच." मी म्हटलं, आणणारे चुकले. तो म्हणाला, ते तर मेले! त्यावर मला बोलता येईना.

आपलं मुंगूस तरी कुठे सुटलंय? उसातले उंदीर मारायला म्हणून १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला नेलं, तिथून १८८३ मध्ये हवाईला. आज तिथे त्यालाही सापळेच. ज्याला आपण रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो, ते!

आता तू बेडूक काढणार, मला ठाऊक आहे. काढ. प्रॅक्टिकलला तू ट्रेला हात लावला नाहीस, माझा ट्रे पूर्ण झाला, आणि सबंध टर्म तू माझ्याशी बोलली नाहीस. पुढे ती चिरफाड बंद झाली तेव्हा "मी जिंकले" म्हणून फोन केलास. जिंकली नाहीस. मी शिकण्यासाठी कापत होते, आणि मला मजा येत नव्हती, हे तुला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तुला विचारतेय. न आवडणारं काम नीट करायचं, पण त्याची गोडी लागू द्यायची नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला कसं शिकवायचं?

आईच्या कानावर नुसते उंदीर गेले तरी तिने "गणपतीचं वाहन गं!" केलं. बाबा मागून म्हणाले, आपल्याकडेही पिंजरा होताच की. होता, पण काका तो सायकलला अडकवून ओढ्यापलीकडे सोडून यायचे, आणि ते चहा घ्यायच्या आत उंदीर घरी हजर. इथे सोडायचा कुठे? कुठेही सोडला तरी कुणाचं तरी घरटं आहेच.

सध्या इतकं केलंय: तक्ता बंद, फोटो बंद. सापळा उघडायला तो माझ्याबरोबर येतो, खड्डा तोच खणतो आणि पुरतोही. एखाद्या सकाळी नाही म्हणाला तर जबरदस्ती नाही. अजितच्या मते मी पोराला सुतकात बसवलंय. हा माणूस झुरळ दिसलं तरी मला हाक मारतो, त्याचं काय ऐकायचं!

तुझ्या बदलीचं कळलं. चिपळूण म्हणजे माहेर जवळ, बरंच झालं. मुक्ताला बारावीसाठी खूप आशीर्वाद, तिला उगाच रागावू नकोस. घराचं काम कुठवर आलं? जिन्याखाली कपाट कर, ऐक माझं.

आणि उत्तर फोनवर नको, पत्रच लिही. त्यातलं एक पान फक्त नीलसाठी, सोप्या मराठीत, त्याला आता जोडाक्षरं वाचता येतात. अकरावीच्या पोरांना इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवतेस, तर ते बेडूक न कापणारी सुलूमावशी म्हणून लिही. माझी बाजू घेऊ नकोस. तुला खरंच जे वाटतं ते लिही, मग त्याने सापळे सोडले तरी चालेल. माझे मी लावीनच.

तुझी,
मीना

ता. क. मेतकूट पाठवलंस तर डब्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिही. मागच्या वेळी विमानतळावर त्यांनी ते अर्धा तास हुंगलं.