गॅस सोडायचा नसतो, काढून घ्यायचा असतो

संपादक महोदय,

दरवर्षी १६ सप्टेंबरला ओझोन दिनानिमित्त, ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रियल कराराचे कौतुक छापून येते. कौतुक रास्तच आहे. १९८७ साली झालेल्या या करारावर आज १९८ पक्षांनी (म्हणजे देश आणि युरोपीय संघ) शिक्कामोर्तब केले आहे. एसी-फ्रीजमधले, ओझोनला मारक असे सीएफसी वायू जगभरातून जवळपास हद्दपार झाले, ते त्याच्यामुळे. पण या कराराला एक मोठी फट आहे, आणि ती आपल्या इमारतींच्या सज्जांवर टांगलेली आहे.

करार बंधन घालतो ते वायूच्या उत्पादनावर आणि वापरावर. 'वापर' म्हणजे देशात तयार झालेला अधिक आयात केलेला, वजा निर्यात केलेला. यंत्रात एकदा भरलेला गॅस पुढे हवेत सुटला की परत काढून घेतला गेला, हे या हिशेबात येतच नाही. हे ठरवून केलेले होते आणि शहाणपणाचेही होते, कारण मूठभर कारखान्यांवर लक्ष ठेवता येते, कोट्यवधी यंत्रांवर नाही. २०१८ मध्ये सीएफसी-११ हवेत अपेक्षेपेक्षा जास्त सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी हवेच्या मोजमापांवरून माग काढत बराचसा स्रोत पूर्व चीनमध्ये असल्याचे दाखवले आणि पुढे ते प्रमाण उतरलेही. चौथ्या मजल्यावर एसीचा पाइप कापून गॅस हवेत सोडणारा मात्र असल्या कुठल्याही मोजमापात सापडत नाही.

न्यायाचा मुद्दाही या करारात आहेच. हवा बिघडवली श्रीमंत देशांनी, मग नव्या तंत्रज्ञानाचा खर्च आम्ही का सोसायचा, असा सवाल भारत आणि चीनने लावून धरला. १९९० च्या लंडन बैठकीत त्यासाठी बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. भांडून मिळवलेला हा हक्क आहे. तो मिळवताना आपण जी जबाबदारी पत्करली, तिची चर्चा मात्र ओझोन दिनापुरतीच होते.

जुन्या एसीत आर-२२ हा गॅस असतो. तो ओझोनलाही मारक आणि हवा तापवण्यातही कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापवतो २,०८८ पट. आताच्या बहुतेक घरगुती एसीतला आर-३२ हा ६७५ पट. म्हणजे एक किलो आर-४१०ए हवेत सोडणे हे सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. म्हणूनच २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे कराराला एचएफसी वायूंवर (आर-४१०ए, आर-३२ हे त्यांतलेच) मर्यादा घालणारी दुरुस्ती जोडली गेली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपल्या गटातील देशांसाठी २०२४ ते २०२६ या वर्षांची सरासरी, अधिक जुन्या एचसीएफसी वायूंच्या (आर-२२ हा त्यांतलाच) वापराचा एक हिस्सा, असा पाया धरून २०२८ पासून एचएफसींचा वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. (पायाच्या वर्षांत वापर जितका जास्त, तितकी पुढची मर्यादा सैल. कारखानदारांना हे कळत नसेल असे समजू नये.) यातही यंत्रांत आधीच भरलेल्या गॅसचे काय करायचे, ते आपल्यावरच सोडले आहे.

आता सज्जावर काय होते ते पाहू. 'गॅस संपला' ही पहिली चूक. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळाला. बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी, किंवा मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत कॉइलला पडलेल्या बारीक छिद्रातून. गळती न शोधता वरून भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच वाटेने जातो आणि ग्राहक पुन्हा पैसे मोजतो. योग्य क्रम असा: उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढायचा, नळ्यांत कोरडा नायट्रोजन यंत्राच्या प्लेटवरील दाबाच्या मर्यादेत भरायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे. ब्रेझिंगसाठी (नळ्या तापवून जोडण्यासाठी) आणलेला ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून तोच भरणारे महाभाग आहेत. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. रिकव्हरी सिलिंडर वजनाने ८० टक्क्यांपलीकडे भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगला तर त्याला जागा उरत नाही. आणि दोन प्रकारचे गॅस एका सिलिंडरमध्ये मिसळले, की ते मिश्रण कोणाच्याच कामाचे राहत नाही.

जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे निर्वाताच्या दाबाचे माप) उतरायचे, पंप बंद करून दहा मिनिटे थांबायचे. काटा वर चढला तर आत ओल आहे किंवा गळती शिल्लक आहे. ही मेहनत टाळण्यासाठी सर्रास नट सैल करून थोडा गॅस सोडला जातो आणि त्याला 'एअर काढली' म्हणतात. हवेतली ओल आत राहते, नव्या गॅसबरोबर वापरल्या जाणाऱ्या तेलात तिचे आम्ल होते आणि वर्षा-दोन वर्षांत कॉम्प्रेसरचे वाइंडिंग जळते. गॅस भरायचा तो वजनकाट्यावर तोलून, प्लेटवर छापलेल्या वजनाइतका. हाताला पाइप गार लागला म्हणजे झाले, हा अंदाज झाला.

घर बदलताना तर गॅस वाया जायचे कारणच नाही. मशीन कूलिंगवर ठेवून आउटडोअरची बारीक नळीची झडप एलन कीने बंद करायची. जाड नळीवरच्या गेजचा काटा शून्याजवळ आला की तीही बंद करून लगेच मशीन थांबवायचे. दोन-तीन मिनिटांत सगळा गॅस आउटडोअरमध्ये जमा होतो. काटा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही. एखादा नट सैल असेल तर हवा आत ओढली जाते, आणि तेल, हवा व दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटू शकतो.

सर्वांत मोठे नुकसान भंगारात होते. तांब्याला भाव आहे, गॅसला नाही. त्यामुळे पक्कड लागते, फुस्स असा आवाज येतो, कापलेल्या टोकावर पांढरा बर्फ धरतो, फरशीवर तेलाचा डाग पडतो आणि किलोभर आर-२२ गेलेला असतो. ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, पण भंगारवाल्याला गॅस काढून देण्याचे पैसे मिळाल्याशिवाय त्याची पक्कड थांबणार नाही. तांब्याच्या भावावर गॅसच्या वजनाचे चार पैसे जास्त मिळाले तर तो स्वतः रिकव्हरी मशीन घेऊन येईल. जमा झालेला निकामी गॅस सिमेंटच्या भट्टीत नष्ट करणे ही करारातील देशांनी मान्य केलेली पद्धत आहे, फक्त भट्टीत थर साचू नयेत म्हणून क्लोरीनचे प्रमाण आटोक्यात ठेवावे लागते. चंद्रपूरच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांच्याशी बोलणी करावीत.

तोवर गृहनिर्माण सोसायट्या आणि कार्यालयांनी देखभालीच्या करारात तीन ओळी घालाव्यात: गळती शोधल्याशिवाय गॅस भरणार नाही, काढलेला गॅस सिलिंडरमध्येच जाईल, बिलावर काढलेल्या आणि भरलेल्या गॅसचे नाव व ग्रॅममधले वजन लिहिले जाईल. मेकॅनिकला या कामाचा अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, त्याचे पैसेही द्यावेत. आणि आर-२२ च्या यंत्रात 'स्वस्तातला' प्रोपेन किंवा आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. दोन्ही पेट घेणारे आहेत, आणि जुन्या यंत्राची वायरिंग त्यासाठी बनवलेली नाही.

— वातानुकूलन दुरुस्तीचे प्रशिक्षण देणारा एक वाचक, ठाणे