ज्वालामुखी नको, मोजता येईल असा प्रश्न हवा

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलचे ज्वालामुखी पुष्कळ, प्रयोग क्वचितच. 'खारे पाणी पिकाला वाईट का?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'पाण्यात मीठ वाढवत नेले, तर पाच दिवसांत मालदांडी ज्वारीचे किती दाणे उगवतात?' हा येतो. सोलापुरात ज्वारी घरोघरी असते, खर्च जवळपास शून्य.

झाकणाच्या डब्यात टिपकागदाची घडी, त्यावर 25 दाणे, 10 मिली पाणी. लिटरला मीठ 0, 4, 8 आणि 12 ग्रॅम. प्रत्येक प्रमाणाचे तीन डबे, कारण एकाच डब्यावरचा निष्कर्ष म्हणजे अंदाजपंचे. बदलायचे ते फक्त मीठ. दाणे एकाच पोत्यातले, डबे एकाच फळीवर. मूळ 2 मिमी दिसले की दाणा उगवला, हे आधीच ठरवा. नाहीतर मोजणारा बदलला की आकडा बदलतो.

बहुतेकांचे फसते ते झाकणापाशी. इथल्या उन्हात उघड्या डब्यातले पाणी उडते, मीठ मागे राहते आणि 4 ग्रॅमचे द्रावण गुपचूप दाट होत जाते. मग कोणीतरी नळाचे पाणी ओतून घोळ वाढवतो. बिनमिठाच्या डब्यातच निम्मेही दाणे उगवले नाहीत, तर दोष मिठाचा नाही, बियाण्याचा किंवा मांडणीचा. प्रयोग नव्याने मांडा.

परीक्षकांनी सजावटीआधी मोजणीची वही मागावी, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षक, सोलापूर