गालाच्या कळांची गोळी सुरू करण्याआधी

सिंगापूर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा मध्येच बोलायला लागले आणि माझं निम्मं राहूनच गेलं, म्हणून लिहितेय.

गालातल्या कळांवर डॉक्टरांनी कार्बामॅझेपीन लिहून दिलंय. औषध चांगलं आहे, या दुखण्यावर पहिलं तेच देतात. पण "मला कशाची ॲलर्जी नाही, पेनिसिलिनसुद्धा सोसलंय" हा तुझा दाखला इथे चालत नाही. पेनिसिलिनच्या ॲलर्जीत शरीरानं आधीच प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. पुढच्या डोसला काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. कार्बामॅझेपीनची सगळ्यात वाईट रिअ‍ॅक्शन मात्र पहिल्यांदाच गोळी घेणाऱ्यालाही होते, आणि तीही बहुधा काही दिवस-आठवडे सगळं सुरळीत चालल्यावर.

तिचं मूळ बऱ्याचदा जनुकात असतं. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत काय चाललंय त्याचे नमुने ती बाहेर दाखवतात आणि टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी, ते तपासतात. काही जणांकडे यातला एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असतो. कार्बामॅझेपीन नेमकं त्याला जाऊन चिकटतं. मग टी-पेशींना स्वतःचीच कातडी परकी वाटते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड सोलवटतं, कातडी भाजल्यासारखी सुटते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. यात माणूस दगावूही शकतो.

२००४ साली तैवानमध्ये असे ४४ रुग्ण तपासले, तर सगळ्यांकडे हे जनुक निघालं. युरोपियन लोकांत ते क्वचितच सापडतं, आग्नेय आशियात बरंच. म्हणून इथे सिंगापुरात २०१३ पासून आशियाई वंशाच्या माणसाला हे औषध नव्यानं देण्याआधी रक्ताची तपासणी करतात. आमच्या फार्मसीत रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवत नाही. आपल्याकडेही हे जनुक असलेली माणसं आहेत.

तेव्हा गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना या तपासणीचं विचार. "मुलगी फार्मासिस्ट आहे, तिनं विचारायला सांगितलंय" म्हण, म्हणजे तुला संकोच नको. मोठ्या लॅबमध्ये होते, पैसे मी पाठवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर ऑक्सकार्बाझेपीनही नको. ते याचंच भावंड. निगेटिव्ह आला तरी पहिले दोन-तीन महिने पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसले की गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "उष्णता झाली असेल" म्हणून गुलकंद खात बसू नकोस.

बाबांच्या युरिक ॲसिडच्या ॲलोप्युरिनॉलचीही अशीच भानगड आहे, फक्त जनुक वेगळं. पण ते कित्येक वर्षं घेतायत आणि धोका सुरुवातीलाच जास्त, तेव्हा त्यांनी आता उगाच गोळी बंद करू नये. हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांग.

तुझी,
मनू